तिसरा ठोका

"हाय," म्हणत दस्तगीरमामांनी वाफेच्या पाइपवर पान्हा मारला.

"ड्रो." दुसरा ठोका.

"स्टॅ." तिसरा.

"टिक. झाला शब्द. चार घास हैत, एकदम गिळाय गेलास तर ठसका लागणारच. घे, आता तू मार."

मी पान्हा हातात घेतला आणि तोंड उघडलं. 'ह'च्या आधी माझा श्वास नेहमी घशात अडकायचा, तसाच अडकला. मान ताणली गेली, डावा डोळा आपोआप मिटला. मामा माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, ते प्रेशरच्या काट्याकडे बघत उभे होते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या माणसासाठी जीव दिला असता.

मी लहानपणापासून तोतरा. शाळेत हजेरी सुरू झाली की माझ्या तळहाताला घाम फुटायचा. 'भूपाल चौगुले' अशी हाक यायची, माझं 'हजर' घशातच राहायचं आणि गुरुजी गैरहजेरी मांडून पुढे जायचे. नववीत शाळा सोडली. घरची गरिबी, असं आम्ही लोकांना सांगितलं. खरं कारण हजेरी.

मग इचलकरंजीत श्रेणिकशेठच्या सायझिंगमध्ये बॉयलरवर कोळसा मारायला लागलो. सायझिंग म्हणजे सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावून वाळवायचा कारखाना. खळ शिजवायला वाफ, सूत वाळवायलाही वाफ. बॉयलरखोलीत पंख्याची घरघर एवढी, की तिथं कुणी बोलायच्या फंदातच पडत नसे. वाफेचा पाइप बाहेरचं अंगण ओलांडून मशीनच्या शेडमध्ये जायचा आणि त्या पाइपवर ठोके मारून निरोप चालायचे. एक ठोका म्हणजे वाफ तयार. दोन म्हणजे बॉयलरला पाणी देणारा पंप चालू करा, कारण पंपाचा खटका शेडमध्ये होता. तीन म्हणजे वाफ कमी करतोय, मशीन थांबवा. आणि चार म्हणजे हातातलं टाकून बाहेर पळा, कशालाही हात लावू नका. मामांच्या बावीस वर्षांत चार ठोके एकदाही वाजले नव्हते. ज्या जागी सगळेच मुके, तिथं मी चार वर्षं सुखात काढली.

मग मामांच्या डोळ्यांत मोती उतरला. काचेतलं पाणी दिसेना, तेव्हा त्यांनी स्वतःच शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, "भूपालनं बॉयलरची सरकारी परीक्षा पास केली तर जागा त्याची. न्हाई तर सांगलीचा एक सर्टिफिकेटवाला तयार हाय, तो आपला माणूस घेऊन येतोय." म्हणजे नापास झालो तर कोळशाचं फावडंही हातातून जाणार होतं. घरी आई होती आणि लग्नाची एक बहीण. पण खरं सांगायचं तर मला भीती त्यांच्या पोटाची वाटत नव्हती. परीक्षा तोंडी होती, तिची वाटत होती.

आमच्याकडून आधी परीक्षा देऊन आलेला एक जण सांगत आला, की साहेब पहिला प्रश्न ठरलेला विचारतात. वर्षातून एकदा बॉयलर थंड करून पाण्यानं गच्च भरायचा, रोजच्या दीडपट दाब द्यायचा आणि कुठं पाझरतोय का ते बघायचं. ही हायड्रोस्टॅटिक टेस्ट. मी ती मामांबरोबर चार वेळा या हातांनी केली होती. पण 'पाण्याची टेस्ट' म्हटलं तर साहेबांना चालत नाही. पूर्ण नाव सांगा, म्हणतात.

"पहिलं 'हाय' तर आपलंच हाय की लेका," मामा म्हणाले. "मार."

मी मारला. लोखंडाचा झणका मनगटातून खांद्यापर्यंत आला आणि त्या झणक्याबरोबर 'हाय' बाहेर पडलं. अख्खं, न तुटता. मी इतका चकित झालो की पुढचे तीन ठोके घाईनं हाणून मोकळा झालो.

पलीकडे काय झालं ते आम्हाला दोन मिनिटांनी कळलं. शेडमधली सातही माणसं अंगणात उभी होती. मशीनवरचा मलगोंडा कोपरापर्यंत खळीनं माखलेला, हात वर धरून. श्रेणिकशेठ ऑफिसातून अनवाणी पळत आले होते.

"कोण मेलं?" शेठ ओरडले.

"कुणी न्हाई," मामा म्हणाले. "पोरगं शब्द शिकायलंय."

शेठनी शिव्या दिल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत. पाइपवर शिकायचं बंद, असं ठरलं. मग मी मांडीवर मारून पाहिलं, टेबलावर मारून पाहिलं, फावड्यानं कोळशावर मारून पाहिलं. तोंड उघडेना. तो झणका पाइपचाच लागायचा.

तोड काढली ती माझ्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, तीही त्यांना न कळता. ते नेमिनाथ हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. रविवारी ते जाडजूड डिक्शनरी घेऊन मामांच्या घरी आले. "यात हाय-ड्रो-स्टॅट-इक असं तोडलंय," ते म्हणाले. "ट मागच्याबरोबर जातो."

"स्टॅट म्हटलं की ह्याची जीभ टाळ्याला चिकटती ती इकला सुटत न्हाई," मामा म्हणाले. "तुमच्या डिक्शनरीनं कधी कोळसा मारलाय का गुरुजी? टिक म्हणजे टिक."

दाजी हसले. "बरं, तोडा कुठंही. पण जोर मात्र तिसऱ्यावर द्यायचा. हाय-ड्रो-*स्टॅ*-टिक. इंग्रजीत एका तुकड्यावर जोर असतोच. सपाट म्हटलं की गावंढळ वाटतं."

मामांनी एकदम मांडीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडमध्ये जाऊन सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "तिसरा ठोका जोरात असला तर भूपाल शिकतोय, कामं करा. चारी सारखे असले तर बाहेर पळा. आठ-दहा दिसांची गोष्ट हाय." शेठनी कुरकुर करत मान हलवली. बावीस वर्षांत धोक्याचे चार ठोके वाजले नव्हते, तेव्हा आठ दिवसांत काय वाजणार होते?

मग रोज कामातून सवड मिळेल तेव्हा आमचा रियाज. पाचव्या दिवशी शब्द ठोक्याबरोबर सलग येऊ लागला. शेडमधल्या लोकांना चाळाच लागला. मी पाइपवर मारलं की मलगोंडा तिकडून सूत गुंडाळायच्या लोखंडी बीमवर चार ठोके मारून साथ द्यायचा, तिसरा दणकून. येता-जाता मला 'या हायड्रोसाहेब' म्हणायचा. चिडवणंच ते, पण मला बरं वाटायचं. लोक माझ्या बोलण्याला हसत होते आणि मी बोलत होतो, असं पहिल्यांदाच होत होतं.

सोमवारी परीक्षा. आदल्या शुक्रवारी मामा डोळ्याच्या डॉक्टरकडे मिरजेला गेले. जाताना म्हणाले, "भिऊ नको. काच बघत जा. पाणी काचंत हाय तवर आपण हाय."

काच म्हणजे बॉयलरच्या तोंडावरची उभी नळी. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. दर तासाला ती झाडायची असते. खालचा कॉक, म्हणजे छोटी तोटी, उघडला की पाणी सुर्रकन निघून जातं, बंद केला की पुन्हा चढतं. त्या सकाळी मी ती झाडली नव्हती. तोंडात शब्द घोळवत होतो. काच अर्धी भरलेली दिसत होती, म्हणून पंपासाठी दोन ठोकेही दिले नव्हते.

सव्वादहाला आठवण झाली. कॉक उघडला. गढूळ पाण्याची चूळभर धार पडली. कॉक बंद करून काचेकडे बघत उभा राहिलो. पाणी चढलं नाही. मी मनात दहापर्यंत मोजलं. मनात मी कधी अडखळत नाही. काच कोरडी ती कोरडीच.

बॉयलरच्या पोटाशी आणखी एक कॉक असतो, खात्री करायचा. तो उघडला. पाणी नाही, नुसती वाफ.

बॉयलरमधून काचेत पाणी यायची वाट गाळानं बुजली होती आणि सकाळपासून मी काचेत अडकलेलं शिळं पाणी बघत होतो. आत पाणी कुठवर उतरलं होतं देव जाणे. ज्या पत्र्याच्या वर पाणी असायला हवं तो आता उघडा पडून खालच्या जाळावर तापत होता. मामांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं, "तापल्या तव्यावर पाणी टाकलं की काय हुतंय? हितं तवा सा फुटाचा हाय आन् वर झाकण घट्ट. अशा वक्ताला पाणी द्यायचं न्हाई. आग मारायची. पाणी दिलास तर तू न्हाई, मी न्हाई, शेड न्हाई."

मी आग मारायला लागलो. धुराची झडप बंद केली आणि ओल्या राखेची फावडी जाळावर टाकत सुटलो. हात भराभर चालत होते. आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. दहा वाजून तेवीस मिनिटं.

साडेदहाला शेडमध्ये चहा. चहाच्या आधी मलगोंडा पंप पाच मिनिटं चालवून ठेवायचा, ठोक्याची वाट न बघता. कित्येक वर्षांचा रिवाज होता तो. आणि मलगोंडाचा चहा कधी उशिरा झालेला मला आठवत नाही.

बॉयलरवर पाणी अडवायची एक झडप होती. तिचं चाक दिवाळीपासून गंजून बसलेलं होतं आणि मामांनी शेठना दोनदा सांगून झालं होतं. मी त्याला दोन्ही हातांनी लोंबकळलो. चाक हललं नाही, तळहाताची साल मात्र निघाली.

मग पान्हा घेतला आणि पाइपवर चार ठोके मारले. दाराशी धावत जाऊन अंगणात बघितलं. कुणी बाहेर आलं नाही.

पुन्हा चार मारले. पुन्हा दाराशी आलो. अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. आणि शेडमधून, लोखंडी बीमवर, चार ठोक्यांची साथ आली.

अंगणात शेड उजव्या हाताला होती आणि गेट डाव्या. खोटं कशाला सांगू, माझे पाय आधी डावीकडे वळले. चार-पाच पावलं गेलोसुद्धा. मी निरोप दिला होता, दोनदा दिला होता, आता माझ्यावर काही नव्हतं, असं मी पळता पळता स्वतःला सांगत होतो. तेवढ्यात शेडमध्ये कुणीतरी हसलं. मलगोंडाचंच ते हसू, खो खो. मी वळलो आणि शेडकडे पळालो.

दारात पोचलो तेव्हा तो भिंतीच्या बोर्डापाशी उभा होता. उजवा हात पंपाच्या खटक्यावर.

मला म्हणायचं होतं, 'हात लावू नको.' श्वास घशात अडकला. 'हा' आलं आणि तिथंच थांबलं. मान ताणली, डोळा मिटला. सातही जण माझ्याकडे बघत होते. मलगोंडा हसरं तोंड करून, माणुसकीनं, मी बोलायची वाट बघत होता. त्याचा हात खटक्यावर तसाच. मला वाटलं, आता माझा शब्द निघायच्या आधी हा कंटाळेल आणि खटका ओढेल. आयुष्यात मी तेवढा कधी भ्यालो नाही, आधी नाही, नंतर नाही.

तेव्हा माझा हात आपण होऊन मांडीवर मारू लागला.

"हाय-ड्रो-स्टॅ-टिक!"

खणखणीत. पाइप नाही, पान्हा नाही, नुसत्या माझ्या तोंडातून. मला हवा होता तो शब्द नव्हताच हा, पण त्या वाटेवर जीभ एवढंच चालायला शिकली होती.

शेडमध्ये एकच आरडाओरडा झाला. "पास! पास झालं गडी!" म्हणत मलगोंडानं खटक्यावरचा हात काढला आणि टाळ्या वाजवायला लागला.

मी त्याच्या अंगावर झेपावलो. त्याला ढकलून बोर्डाचा मोठा स्विच खाली ओढला. मशीन थांबलं, पंखा थांबला, दिवे गेले. त्या शांततेत मी "ब... ब... ब..." करत उभा होतो. बोर्डावर माझ्या तळहाताचं रक्त लागलं होतं. मलगोंडानं ते बघितलं, मग माझं तोंड बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "भाईर!" तो ओरडला. "समदी भाईर!"

आम्ही रस्त्यापलीकडे जाऊन उकिडवे बसलो. तास गेला, दीड तास गेला. काही झालं नाही. आग विझली, काटा शून्यावर आला.

संध्याकाळी बॉयलर निवल्यावर मामा आले, डोळ्याला काळा चष्मा लावून. नातवाला बॅटरी धरायला लावून त्यांनी बॉयलरच्या आत हात घालून बघितलं. जास्त पाणी उतरलं की वितळून आग विझवणारा शिशाचा एक प्लग असतो, तो वितळायच्या बेताला आला होता. मामा बाहेर येऊन बाकड्यावर बसले. श्रेणिकशेठनी गंजलेल्या चाकाकडे एकदा बघितलं आणि ऑफिसात निघून गेले.

"चार ठोके दिलास न्हवं?" मामांनी विचारलं.

"द... दोनदा," मी म्हणालो. माझा राग आता उफाळून आला होता. "कु... कुणी आलं नाही. ह... ह्यानं साथ दिली."

मलगोंडा रडवेला झाला. "मामा, दर्ग्याची शपथ, तिसरा जोरात हुता. म्हणून मला वाटलं पोरगं शिकतंय. दोन्ही वक्ताला जोरात हुता."

"खोटं!" मी म्हणालो. हा शब्द अडला नाही. "स... सारखे मारले मी. चारी सारखे."

माझी तशी पक्की खात्री होती. मलगोंडा आपली चूक झाकतोय, असं मी देवापुढे सांगितलं असतं.

मामांनी चाचपडत पान्हा उचलला आणि माझ्या हातात दिला. "सकाळी मारलास तसं मार."

"आता?"

"काच कोरडी हाय. मी मिरजेला हाय. मलगोंडाचा हात खटक्यावर हाय. मार."

मी पाइपवर मारलं.

पाइप थंड होता, त्यामुळे आवाज नेहमीपेक्षा लांबवर घुमत राहिला. मलगोंडानं मान खाली घातली. माझ्या तोंडाकडे कुणी बघितलं नाही. तिसरा ठोका मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. मी शहाण्यासारखा विचार करून चार सारखे मारायला गेलो होतो, आणि हातानं आठ-दहा दिवस जे गिरवलं तेच मारलं होतं.

पान्हा माझ्या हातातून मामांनीच काढून घेतला. "हात तुझा, पर शिकवणारा मी," ते म्हणाले. त्यांच्या चष्म्याखालून पाणी वाहत होतं. डॉक्टरनी औषध घातलंय, असं त्यांनी सांगितलं.

शनिवार आणि रविवार बॉयलर बंद होता. ते दोन्ही दिवस त्यांनी मला थंड पाइपपुढे उभं केलं आणि चार सारखे ठोके मारायला लावले. शब्द म्हणतच. तिसरा जरा जड पडला की म्हणायचे, "पुन्हा." किती वेळा मारले त्याचा हिशेब नाही. रविवारी दिवेलागणीला माझा हात सुजला होता आणि शब्द पाटासारखा सपाट झाला होता.

सोमवारी कोल्हापुरात साहेबांपुढे बसलो. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे गृहस्थ. प्रश्न तोच आला.

मी टेबलाखाली गुडघ्यावर चार सारखे ठोके मारले. "हाय-ड्रो-स्टॅ-टिक."

"उच्चार चुकतोय," साहेब म्हणाले. "स्टॅ वर जोर हवा. हायड्रो*स्टॅ*टिक. म्हणा."

मी पुन्हा तसाच म्हणालो, सपाट.

"अहो, जोर द्या. तिसऱ्यावर. येत नाही का?"

"य... येतंय साहेब," मी म्हणालो. "द... देणार नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, गेली जागा. हातापायाला तोच हजेरीचा घाम फुटला. पण त्यांनी विचारलं, "का?"

मी सांगायला सुरुवात केली. काच, पाइप, साडेदहाचा चहा, तिसरा ठोका. दहा मिनिटं लागली असतील, कदाचित पंधराही. मधे मधे मी इतका अडलो की बाहेरच्या उमेदवारानं दार ढकलून आत डोकावून बघितलं. साहेबांनी त्याला हातानंच बाहेर काढलं. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, समोरच्या कागदाकडे बघत होते.

माझं संपल्यावर त्यांनी पेन पुन्हा उचललं.

"शेडमध्ये माणसं किती होती?" त्यांनी विचारलं.

"सात," मी म्हणालो, आणि त्यांनी सही केली.